एकाच चिखलात रोवलेली दगडशेवंती

तुमच्या गावाशेजारच्या डोंगराला सुरुंग लावण्याआधी, त्या डोंगरावर काय उगवतं हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

मलाही नाही विचारलं. मी आपण होऊन सांगायला गेले, आणि त्यापायी एका वर्षात मला भंडारा जिल्ह्याच्या तीन फेऱ्या घडल्या. त्या फेऱ्यांची ही हकिगत आहे.

आधी माझ्याविषयी थोडं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. माझे बाबा नागपूरला गिरणीत कामाला. सुटीच्या दिवशी ते सभांची पत्रकं वाटत आणि उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली येत. घरात पाटी एकच होती, पत्रकं मात्र हवी तितकी. बाराखडीच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होता. पुढे मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, तेव्हा बाबांचे मित्र म्हणाले, "पोरगी झाडापाल्यात गेली, वाया गेली." त्यांना काय माहीत, झाडापाल्यातही निषेध करायला किती जागा आहे!

आंबागडच्या डोंगरावर शेवंतीच्या कुळातलं एक रानफूल येतं. तुमसर तालुक्यात, जुन्या गोंड राजवटीतल्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे आंबागड गाव आहे. माझी देवकामावशी तिथंच राहते, त्यामुळे मी लहानपणापासून ते फूल पाहत आले. काळ्या दगडाच्या फटीत वीतभर उंचीचं रोप, पानांवर दाट पांढरी लव, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एकच फूल, पाकळ्या पांढऱ्या आणि मधे पिवळं. गावात त्याला दगडशेवंती म्हणतात. आमच्या कॉलेजातल्या एकाही पुस्तकात मला ते सापडलं नाही.

मग बातमी आली की रस्त्यासाठी गिट्टी हवी आहे आणि गडाचा दक्षिणेकडचा उतार फोडायचा आहे. दगडशेवंती नेमकी त्याच उतारावर आहे. सरकारी कचेरीनं कॉलेजचं मत मागवलं, इथं जपण्यासारखं काही आहे का म्हणून. उत्तर द्यायचं होतं आमच्या विभागप्रमुख सरांना.

"ती साधी धुऱ्यावरची शेवंती आहे," सर म्हणाले. धुरा म्हणजे शेताचा बांध. बांधांवर गुडघाभर उंचीची, पुष्कळ फांद्यांची अशीच एक रानशेवंती सगळ्या जिल्ह्यात उगवते. "दगडात खायला मिळत नाही, म्हणून खुरटली. वेगळं काही नाही."

"सर, ती वेगळी आहे."

"मग आणा ना उपटून पाचपन्नास रोपं. मुळासकट दाबून वाळवू, बघू."

"उपटणार नाही. बी आणीन. गडावरचं आणि धुऱ्यावरचं बी एकाच मातीत लावीन. दगडानं खुरटली असेल तर चांगल्या मातीत ती धुऱ्यावरचीसारखी वाढेल. तशीच राहिली, तर ती वेगळी."

सर हसले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, गंमत आहे तुमची. माणूस जन्मानं नाही, परिस्थितीनं घडतो, हे तुम्हीच लोक पत्रकांतून सांगता ना? आता फुलाच्या बाबतीत मात्र जन्म महत्त्वाचा?"

वर्गातली काही मुलं हसली. खोटं कशाला बोलू, तो काटा मी सगळ्या प्रवासात पायात घेऊन फिरले. मला ते फूल वाचवायचं होतं, आणि त्यासाठी ते जन्मानं वेगळं ठरायला हवं होतं. मी मात्र ज्या घरात वाढले, तिथं जन्माच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या काय केलं गेलं हे दुधाबरोबर पाजतात.

एक मनाशी ठरवलं. ती धुऱ्यावरचीसारखी वाढली, तर तसं मी स्वतःच्या हातानं लिहून देईन. पण तपासल्याशिवाय सुरुंग लावू देणार नाही.

पहिली फेरी थंडीतली. बी पिकून सुकायची वेळ. नागपूरहून सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला उतरले आणि वैनगंगेच्या पुलावरून चालत पलीकडे कारध्याला गेले. नदी तेव्हा वाळूत अंग चोरून पडलेली होती, काठावर टरबुजाच्या वेलांसाठी खड्डे खणणं चाललं होतं. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, लाखोळी हिरवीगार पसरली होती. इथं धान उभा असतानाच त्यात लाखोळी फेकून देतात. धान कापला की खालून दुसरं पीक डोकं वर काढतं.

मी धुऱ्यावर उकिडवी बसून शेवंतीची सुकली बोंडं खुडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ बाई! लाखोळीचे शेंडे खुडून राहिली का?"

डोक्याला उपरणं गुंडाळलेले एक म्हातारे शेतकरी काठी टेकत येत होते. लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात, आणि परक्याच्या बांधीतले शेंडे खुडणं ही इकडची आवडती चोरी आहे, हे मला माहीत होतं. मी ओंजळ उघडून दाखवली.

"हे? हे तं गवत होय," ते निराश होऊन म्हणाले. "याचं काय करतेस?"

"लावणार आहे."

"गवत लावतेस?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेली दिसतेस."

हा टोमणा होता की शाबासकी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण जाताना त्यांनीच मूठभर शेंडे खुडून माझ्या पिशवीत टाकले. "मावशीच्या घरी जातेस म्हणतेस. रिकाम्या हातानं कायले जातेस?"

भंडाऱ्याहून तुमसरच्या गाडीत बसले. मोहाडीला आठवडी बाजार होता, त्यामुळे गाडी रिकामी झाली आणि पुन्हा भरेपर्यंत हलायचं नाव घेईना. मी उतरून आलुबोंडा घेतला, वर तिखटजाळ तर्री. खाता खाता पिशवीतली बियांची पुडी खाली पडली. पुड्या मी घरातल्या जुन्या पत्रकांच्याच बांधल्या होत्या. आलुबोंडेवाल्यानं ती उचलली आणि कढईकडे पाठ करून वाचायला लागला.

"हे तं सभेचं पत्रक होय. सभा कवा हाय?"

"झाली ती."

"मंग आता काय वाटून राहिली?"

"वाटत नाही भाऊ, गोळा करते आहे. त्यात बी आहे."

त्यानं पुडी कानाशी हलवून पाहिली आणि परत दिली. "बरं हाय. सभेत तं कायीच निंगत नाही."

तुमसरला गाडी बदलली. गिरण्यांमधून धानाच्या कोंड्याचा गरम वास येत होता. आंबागडच्या गाडीत तांदळाची पोती, एक शेळी आणि मोठ्यानं वाजणारा ट्रान्झिस्टर इतक्या जणांमध्ये मी उभी राहिले. दुपार कलताना गड दिसला. लांबून तो डोंगरावर कुणी पागोटं विसरून गेल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की पडके बुरूज आणि त्यातून उगवलेले पिंपळ दिसतात.

मावशी दारातच होती. देवकामावशी माझ्या आईची मोठी बहीण. मावसा गेल्यापासून थोडी शेती ती एकटी करते आणि गावात कुणाचंही ऐकून घेत नाही.

"जय भीम वं, नंदे! किती वाळली! कॉलेजात खायले देत नाही का?"

त्या संध्याकाळी चिन्नोरचा वासाचा भात, कारध्याच्या शेंड्यांची भाजी आणि जवसाची चटणी होती. मी माझं काम समजावून सांगितलं. मावशी घास थांबवून ऐकत होती.

"म्हणजे ते फूल खुरटं हाय का जातीचंच लहान हाय, हे पाहाचं?"

"हो."

"आन पाहून काय होईल?"

"वेगळं निघालं तर तो उतार फोडता येणार नाही."

"आन नाही निघालं तं?"

मावशीनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गडाच्या दक्षिण उतारावर चढलो. खाली साग आणि पळस, वर जाऊ तसा नुसता काळा दगड. दगडशेवंतीची फुलं संपून गेली होती. करड्या दांड्यांवर बोंडं होती आणि प्रत्येक बियाला केसांचा बारीक झुपका. जरा फुंकर लागली की बी उडून जायचं. मावशी पदर पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मी तिच्या आडोशाला बसून बी पुडीत घ्यायची. एका रोपाच्या एकाच दांड्याचं घ्यायचं, बाकीचं वाऱ्यासाठी ठेवायचं, असा माझा नियम होता. मावशीला तो फार कंजूषपणाचा वाटला. त्यात एकदा ती शिंकली आणि एका पुडीतलं अर्धं बी उडून गेलं.

"घे!" ती म्हणाली. "वाऱ्याचा वाटा!"

उताराच्या मध्यावर एक माणूस दगडांवर चुन्याचे पट्टे ओढत होता. ठेकेदाराचा मुकादम. त्यानं विडी विझवून आम्हाला विचारलं, "काय शोधून राहिल्या?"

मी सांगितलं. तो हसला नाही, उलट चिडला.

"फुलानं पोट भरते का बाई? खदान आली तं गावाले काम येईन. तुम्ही नागपूरले जाल निघून."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रोवणा (धानाची लावणी) आणि कापणी संपली की इकडच्या हातांना काम नसतं, हे मी मावशीच्याच घरी पाहिलं आहे. मी त्याला विचारलं, "दगड उत्तरेच्या उतारावर नाही का?"

"हाय ना. तोच दगड हाय."

"त्या बाजूला खदान केली तर गावाला काम मिळणार नाही का?"

"मिळन. पण तिकून ट्रकले फेरा पडते."

तर हे असं होतं! काम दोन्हीकडे सारखंच, दगडही सारखाच. ट्रकला फेरा पडू नये म्हणून एक उतार नाहीसा व्हायचा होता. मी त्याच्यासमोरच एका मोठ्या दगडावरचा ओला चुना माझ्या रुमालानं पुसून टाकला. मावशीनं माझा हात धरून मला खाली आणलं. रस्ताभर ती रागावत होती, पण गावात शिरताच हीच गोष्ट तिनं जो भेटेल त्याला सांगितली, आणि प्रत्येक वेळी माझा रुमाल थोडा मोठा होत गेला.

दुसरी फेरी आषाढातली. खरं तर मला पेरायचं होतं कॉलेजच्या बागेत. सरांनी वाफा दिला नाही. "बागेत गवताला जागा नाही," म्हणाले. आणि वर म्हणाले, "तुम्ही पेराल, तुम्हीच मोजाल. कोणता वाफा कुणाचा हे तुम्हाला ठाऊक असणार. ज्याला खुजं पाहायचं त्याला खुजंच पाहाल. शेणखतही त्यालाच कमी घालाल." मी बी उचलून मावशीकडे निघाले. जी बाग गवताला जागा देत नाही, तिनं वनस्पतिशास्त्राची पाटी काढून ठेवावी!

मावशीच्या वाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, मी शेजारी शेजारी दोन वाफे केले. एकच माती, एकच खत. गडावरच्या बियांच्या वाफ्यात पळसाची काठी रोवली, कारध्याच्या बियांच्या वाफ्यात बांबूची. दोन्हीकडे हिरवे ठिपके दिसेपर्यंत मी राहिले. मग कॉलेजात हजेरीचा प्रश्न आला.

"मावशी, पाऊस नसेल तेव्हा पाणी घाल. कोंबड्या येऊ देऊ नको. बाकी कशाला हात लावू नको."

"नाही लावत वं माय."

शेजारच्या सायत्राबाई कुंपणावरून पाहत होत्या. कुणब्यांच्या घरच्या, मावशीच्या रोवण्यातल्या जोडीदारीण. एकीच्या बांधीत दुसरीनं राबायचं, असा त्यांचा जुना व्यवहार. त्या म्हणाल्या, "देवका, पोट्टी पऱ्हे टाकून चालली, रोवाले कोण येईन?" पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. दोघी हसल्या. मीही हसले. तिथंच थांबून विचार केला असता तर पुढचा अनर्थ टळला असता, पण मला गाडी पकडायची होती.

तिसरी फेरी दिवाळीनंतरची, मंडईच्या दिवसांतली. या दिवसांत इकडे गावोगाव मंडई (जत्रा) भरते, लोक एकमेकांकडे पाहुणे जातात आणि दंडारीचे खेळ होतात. तुमसरहून येणारी गाडी टपापर्यंत भरलेली होती. कचेरीला सरांचं मत त्याच महिन्यात जायचं होतं, म्हणून मला कसली मंडई आणि कसलं काय. मी पिशवी ओसरीवर टाकली आणि थेट वाडीत गेले.

वाफे नव्हते.

काठ्याही नव्हत्या. वाफ्यांच्या जागी एक लहानशी बांधी केलेली होती, चारी बाजूंनी पाळ घातलेली, आणि तिच्यात सरळ ओळींनी शेवंतीची रोपं उभी होती. धान उभा असतो तशी.

"मावशी!"

मावशी हात पुसत आली. तिचा चेहरा कौतुकाची वाट पाहणारा होता.

"पाहिलं? मी आन सायत्रानं रोवले. आपला रोवणा आटपला तवाच. भल्ले दाट झाले होते वं पऱ्हे."

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नको!"

"अवं, पऱ्हे का तसेच ठेवतेत? गाव काय म्हणन? देवकाच्या घरी पऱ्हे पडून राहिले, रोवणा झाला नाही? चिखल केला, उपटले, पेंढ्या बांधल्या, रोवले. काय चुकलं?"

"दोन्ही वाफ्यांचे? एकत्र?"

"मंग? पेंढीत का नावं लिहून ठेवतेत?"

"आणि काठ्या कुठे गेल्या?"

"चुलीत. पावसात सुकं सरपण कुठी भेटते?"

कुंपणापलीकडून सायत्राबाईंनी भर घातली, "बरेच सडले बाई. हे फूल चिखलाले नाजूक दिसते. पण रोवण्यात थोडंबहुत सडतेच."

काय बोलू? ज्या गावात जमिनीतून वर आलेली प्रत्येक कोवळी गोष्ट उपटून चिखलात रोवल्याशिवाय तिचं भलं होत नाही अशी पक्की समजूत आहे, तिथं मी दोन वाफे उघडे टाकून गेले होते. कोणतं रोप गडावरचं आणि कोणतं कारध्याचं, हे आता सांगायला कुणी नव्हतं. मी मावशीला नको ते बोलले. तू माझं वर्ष चुलीत घातलंस, असं म्हणाले. ती वळून चुलीपाशी गेली आणि माझं ताट वाढायला लागली. मी तशीच न जेवता गडाकडे निघाले.

पायथ्याशी खदानीचा रस्ता कापायला सुरुवात झाली होती. सागाची झाडं आडवी पडली होती आणि पानांवर पांढरी धूळ होती. वर मात्र दक्षिणेचा सगळा उतार फुलला होता. काळा दगड आणि त्यावर पांढरी फुलं, एका दांड्यावर एक, वीतभर उंच. वारा आला की सगळी एकदम मान डोलवायची. मी एका रोपाजवळ पोटावर आडवी होऊन पानांची लव पाहिली, दांडे पाहिले. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं.

आणि मग आठवलं. वाडीत रागाच्या भरात मी रोपांकडे पाहिलंच नव्हतं. ओळी पाहिल्या होत्या, रोपं नाही.

मी धावत खाली आले. बांधीच्या पाळीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून पाहत गेले. एक रोप गुडघाभर, फांद्याच फांद्या, बारीक फुलांचे घोस. त्याच्या शेजारी, त्याच चिखलात, त्याच बाईच्या त्याच हातानं रोवलेलं दुसरं रोप वीतभर, लवेनं पांढरं झालेलं, एका दांड्यावर एक फूल. मग पुन्हा उंच. पुन्हा उंच. मग ठेंगणं. शेवटच्या ओळीपर्यंत असंच. मधलं एकही नाही. अर्धं असं अर्धं तसं, एकही नाही!

चिखलात खायला काही कमी नव्हतं. दगडानं खुरटलेली असती तर ती इथं उंच झाली असती आणि सगळी बांधी एकसारखी दिसली असती. आणि सरांचा तो आरोप, की कोणता वाफा कुणाचा हे मला ठाऊक असणार? कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही, मावशीलाही नाही. काठ्या चुलीत गेल्या होत्या. माझ्या दोन वाफ्यांवर सरांनी हजार शंका काढल्या असत्या. या बांधीवर कोणती काढणार होते?

मावशी मागे येऊन उभी होती. मी उठून तिच्या गळ्यात पडले.

"आता काय झालं वं? मघाशी तं जीव घेत होती."

मी तिला दाखवलं. ती वाकून ओळीतून फिरली, जणू धानाचं पीक पाहतेय.

"आमी कोणाले वेगळा चिखल नाही देल्ला," ती म्हणाली. "ज्याले जसं व्हाचं तसं झालं."

"पण मावशी, सर म्हणतात, मग तर जन्मच मोठा ठरला."

मावशीनं कपाळाला आठ्या घातल्या. "मोठा कोण, लहान कोण, हे फुलं म्हणून राहिली का? ते तं तुया सराच्या डोक्यात हाय. एक उंच हाय, एक ठेंगणं हाय. त्यात वरचं-खालचं कुठून आलं?"

मला वर्षभर न सुचलेलं उत्तर माझ्याच घरचं होतं. आमचं भांडण कधी वेगळेपणाशी नव्हतंच. भांडण आहे ते वेगळेपणाची शिडी करणाऱ्याशी, एकाला बाग आणि दुसऱ्याला सुरुंग वाटून देणाऱ्याशी.

परतताना मी तुपाच्या रिकाम्या डब्यात बांधीतलं एक ढेकूळ आणलं, त्यात एकाला लागून एक असं उंच आणि ठेंगणं रोप होतं. डोंगरावरचं एकही उपटलं नाही. गाडीत मंडईहून परतणारे लोक होते. डबा मांडीवर घेऊन बसलेल्या मला कंडक्टरनं विचारलं, "यात काय हाय मॅडम, प्रसाद?"

"पुरावा," मी म्हणाले.

"मंग नीट धरा. पुढं रस्ता खराब हाय."

दुसऱ्या दिवशी मी तो डबा सरांच्या टेबलावर ठेवला. चिखल, मुळं आणि सगळी हकिगत, काठ्या चुलीत गेल्या त्यासकट. सर बराच वेळ भिंग घेऊन पाहत राहिले.

"यातलं कोणतं बी कुठलं, हे तुम्हाला माहीत नाही म्हणता?"

"नाही, सर. तुम्हाला डोळ्यांनी ओळखता येतंय का?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. ओळखता येत होतंच. कुणालाही येईल.

"आणि माणूस परिस्थितीनं घडतो, त्याचं काय?" त्यांनी विचारलं. यावेळी आवाजात चेष्टा कमी होती.

"माणसांना अजून एका चिखलात रोवलंय कुठे, सर? आधी तेवढं करा. मग कोण किती वाढतं ते बोलू."

सर हसले नाहीत. त्यांनी कचेरीला पाठवायचं मत बदललं, पण मला हवं होतं तसं नाही. 'फूल वेगळं असण्याचा संभव आहे, अधिक अभ्यास व्हावा,' इतकंच लिहिलं. तेवढ्यावर काम थांबलं आहे, पण रद्द झालेलं नाही. उन्हाळ्यात पुन्हा निर्णय व्हायचा आहे. कचेरीतल्या कारकुनानं मला तोंडावर सांगितलं, "एका मुलीच्या एका डब्यावर रस्ता अडत नसतो. बाकी कुणाची तक्रार आहे कुठे?"

तो डबा आता आमच्या घराच्या खिडकीत आहे. बाबांच्या पत्रकांचा गठ्ठा खाली आणि त्यावर डबा. फुलं सुकली, बी धरलं. ते बी मी डोंगरावर उधळणार नाही, कारण शेजारी शेजारी फुललेल्यांची सरमिसळ त्यात झाली असेल. डोंगरावर डोंगराचंच बी पडायला हवं, आणि त्यासाठी आधी डोंगर जागेवर हवा.

म्हणून, वाचक हो, तुम्ही त्या कारकुनाला उत्तर द्या. एक पोस्टकार्ड घ्या. भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कचेरीचा पत्ता घाला आणि इतकंच लिहा: 'आंबागडचा दक्षिणेकडचा उतार सोडा, दगड उत्तरेकडून काढा, ट्रकला फेरा पडू द्या.' खाली तुमचं नाव आणि गाव लिहा. घरात ज्याला ज्याला लिहिता येतं त्याचं वेगळं कार्ड. ज्याला येत नाही त्याचं तुम्ही लिहा आणि त्याचा अंगठा घ्या. आणि हे पान मिटून ठेवण्याआधी ती कार्डं टपालपेटीत टाका.